उपवास म्हटलं की कोणी विचारत नाही

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी वाशिमला खोली करून राहत होते. सोबत आसेगावची एक मैत्रीण होती. आमचं घर अनसिंगजवळ, भाजीपाला पिकवणारं. दिवाळीत मला पाहायला पाहुणे आले. जाताना मुलाची मावशी आईला म्हणाली, "पोरगी चांगली हाये, पण अंगानं जरा भरेल हाये." त्यांचा निरोप पुढे आलाच नाही. घरात मला कोणी काही बोललं नाही. मीच संध्याकाळचं जेवण सोडलं.

मग सकाळचंही कमी केलं. परीक्षा जवळ आली होती, वाचलेलं डोक्यात राहत नव्हतं. भूक मात्र दाबता यायची, आणि त्याचंच बरं वाटायचं. कोणी विचारलं तर उपवास सांगायचे. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. आमच्याकडे उपवासाला कोणी "काहून", म्हणजे का, असं विचारत नाही. आई तर शेजारणींना कौतुकानं सांगायची, "पोरगी लय देवाची झाली."

केस गळायला लागले, पाळी बंद झाली. एके दिवशी वॉर्डात एका आजीबाईंचं बीपी घेताना मीच खाली पडले. डोळे उघडले तेव्हा मैत्रीण तळपाय चोळत होती. म्हणाली, "मी तुह्या मायले फोन लावून राह्यली. राग आला तं येऊ दे."

आई सकाळच्या गाडीनं आली. दार लावून तिनं हळूच विचारलं, "पाळी येत नाही म्हणते तुही मैत्रीण... काही भलतं तं नाही झालं ना?"

मला आधी हसू आलं, मग रडू.

"तसं काही नाही व माय. मले जेवाचीच भीती वाटते."

"जेवाची कोणाले भीती वाटते?" तिला खरंच कळेना. तरी ती माझ्यासोबत दवाखान्यात आली. डॉक्टरांनी समुपदेशक बाईंकडे पाठवलं. तिथं मी पहिल्यांदा त्या मावशीचं बोलणं सांगितलं. आई शेजारीच बसली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "म्या तवाच त्या बाईले बोलाले पाह्यजे होतं."

बरं व्हायला वर्ष गेलं. मध्ये दोनदा परत घसरले. पाळी सुरू झाली, परीक्षाही पास झाले. लग्नाचा विषय आईनं स्वतःच थांबवून ठेवला आहे. आता मी नोकरी करते. कामाचा ताण वाढला की अजूनही समोर आलेलं ताट बाजूला सारावंसं वाटतं. अशा वेळी मी मैत्रिणीला फोन लावते आणि बोलता बोलता जेवून घेते.