मंदासाठी निवडलेले बूट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. धाकट्या बहिणीला नाही, आईच्या फोटोपुढंही नाही — आणि तिथं तर मी रोज बोलते, भाजीला काय केलं इथपासून. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखत असता तर म्हणाला असता, "छे, तू कसली अशी." आणि तेवढ्यावर मी गप्प बसले असते.

गोष्ट बुटांची आहे. हसू नका.

मी लग्न केलं नाही. पाटबंधारे खात्यात नोकरी केली, सिडकोतल्या घरात आईला शेवटपर्यंत सांभाळलं. आई गेली आणि पाठोपाठ मी निवृत्त झाले. त्यानंतर संध्याकाळी मला काही कामच उरलं नाही. चहा एकटीचा, त्यात दूध नेहमी जास्त व्हायचं. अशातच उस्मानपुऱ्यात एका जिमच्या वर पाटी दिसली — बॉलरूम डान्स, पन्नाशीपुढच्यांसाठी वेगळी बॅच. बॉलरूम म्हणजे काय हेही मला धड माहीत नव्हतं. वर गेले तर दोघं दोघं हात धरून सावकाश फिरत होते. मला आईव्यतिरिक्त कुणी हात लावून किती वर्षं झाली होती? मी नाव घातलं.

शिकवणारी रिया मॅडम माझ्या भाचीच्या वयाची. पहिल्याच दिवशी तिनं बुटांबद्दल बजावलं. नाचाचे खास बूट मुंबईहून मागवावे लागतात, महाग पडतात, नवशिक्यांना त्यांची गरज नाही. साधेच घ्या — पण टाच बुटकी आणि रुंद हवी, घोट्यापाशी पट्टा हवा, बूट पायाला घट्ट बसायला हवा. आणि रबरी तळ नको म्हणजे नको. रबर फरशीला धरून ठेवतं. तुम्ही वळता, पाऊल वळत नाही, आणि सगळा पीळ गुडघ्यात येतो. हे ती दोनदा बोलली. मी नीट ऐकलं. हे लक्षात ठेवा — मी नीट ऐकलं होतं.

मग पैठण गेट ते गुलमंडी, सगळी दुकानं पालथी घातली. दुकानदार विचारायचे, "आपा, शादी में पहनना है?" मी "हां, शादी में" म्हणायचे. या वयात नाचायला हवेत असं कुठल्या तोंडानं सांगणार? शेवटी काळे पट्ट्याचे मिळाले, पातळ चामडी तळाचे. चांभाराकडून खाली मऊ, खरखरीत कातडं चिकटवून घेतलं. पाऊल फरशीवर अलगद सरकायचं, पण निसटायचं नाही. मॅडमनं ते सगळ्यांना उचलून दाखवले. "स्वस्तात असं जमवायचं असेल तर कुंदाताईंना विचारा," म्हणाली. त्या दिवशी मी घरी चालत गेले, इतकं बरं वाटत होतं.

माझी जोडी वाघमारे साहेबांशी लागली. बँकेतून निवृत्त, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, सभ्य माणूस. आमच्यात बोलणं फारसं नव्हतं. नाचताना ते ओठातल्या ओठात मोजायचे — एक दोन तीन, एक दोन तीन. मला वाटायचं, नवशिके आहेत, मोजणारच. पण शनिवारी संध्याकाळी कुणीतरी आपली वाट बघत उभं आहे, एवढंच मला पुष्कळ होतं.

मंदाला मीच घेऊन गेले. समोरच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायची, देवगाव रंगारीची, नवरा वाळूजच्या कंपनीत होता, तो गेलेला. मुलगा नाशिकला. माझ्यासारखीच एकटी — पण तिच्या एकटेपणाला आवाज होता. जिन्यात भेटली तरी पंधरा मिनिटं बोलणार. "नाच? मला? गावाकडं कळलं तर लई हसतील," म्हणाली, आणि दुसऱ्या शनिवारी पातळ नीट खोचून तयार.

आणि मंदाला जमलं. तेही मोजे घालून, बुटांशिवाय. मी महिनोन्‌महिने ज्या वळणावर अडखळत होते, ते ती बोलता बोलता घ्यायची. पुरुष कमी होते, म्हणून मॅडम जोड्या बदलायची. वाघमारे साहेब मंदाबरोबर नाचू लागले. मी भिंतीला टेकून पाहत होते. ते हसत होते. आणि — हे मला अजून दिसतं — त्यांचे ओठ हलत नव्हते. ते मोजत नव्हते.

एवढंच. एवढ्यावर माणूस असं वागतो का? मी वागले.

मॅडम मंदाला म्हणाली, "आता बूट घ्या. कुंदाताईंना घेऊन जा." आम्ही गेलो. मंदानं पहिल्याच दुकानात जे उचलले, ते बरोबर होते. चामडी तळ, बुटकी टाच, पायाला असे बसले की तिनं दुकानातच एक गिरकी घेतली. दुकानदारही हसला. मंदानं मला विचारलं, "कसे आहेत गं?"

मला खोटं बोलायला वेळ लागला नाही, हे सांगायला हवं. मनात झगडा वगैरे झाला असता तर निदान तेवढं तरी माझ्या बाजूनं असतं. मी म्हणाले, "घसरशील त्यात. आपल्या वयाला पकड पाहिजे." आणि जाड रबरी तळाचे पुढं केले. एक नंबर मोठे. ती म्हणाली, "जरा सैल वाटतेत." मी म्हणाले, "संध्याकाळी पाय सुजतात, सैलच बरे."

"तुला कळतं त्यातलं," मंदा म्हणाली, आणि ते घेतले.

तिनं पडावं असं मला वाटत होतं का? मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. मला वाटत होतं, ती अडखळेल. वाईट नाचेल. तिला कंटाळा येईल आणि साहेब परत माझ्याकडं येतील. पण गुडघ्याचं मला माहीत होतं. दोनदा ऐकलं होतं. मग "पडावं असं वाटत नव्हतं" या म्हणण्याला काय अर्थ उरतो?

शनिवारी आम्हाला पोचायला उशीर झाला. मॅडम गाणं लावत होती, तिनं मंदाच्या पायांकडं पाहिलंच नाही. साहेबांनी तिला वळवलं. मंदा वळली, पाऊल फरशीला चिकटून राहिलं, आणि ती तिथंच खाली बसल्यासारखी पडली. ओरडली नाही. फक्त "अगं आई" म्हणाली, हळू.

मॅडमनं बूट काढले, उलटे करून पाहिले. चेहराच उतरला तिचा. "हे कुणी सांगितले घ्यायला?"

मी तिथंच होते. मंदाचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

"मीच घेतले," मंदा म्हणाली. "दिसायला बरे वाटले."

दवाखान्यात जाताना रिक्षात मी तिच्याकडं पाहू शकत नव्हते. तीच मला समजावत होती. "तुला उगी बोलणी कशाला बसू द्यायची? तुला तरी काय ठाऊक असं होईल म्हणून." तेव्हा सांगता आलं असतं. सिडको बस स्टँडपाशी सिग्नलला रिक्षा चांगली थांबली होती. मी तिचा हात दाबला. तिला वाटलं, मी रडतेय तिच्या काळजीनं.

गुडघ्यातलं लिगामेंट फाटलं होतं. पट्टा, गोळ्या, जिना बंद. तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. मी सकाळ-संध्याकाळ जायला लागले. खिचडी करायची, डोक्याला तेल लावून द्यायचं, तिला धरून न्हाणीपर्यंत न्यायचं. बिल्डिंगमधल्या बायका म्हणायच्या, असं कोण करतं आजकाल?

आणि आता जे सांगतेय ते बुटांपेक्षा वाईट आहे. मला ते दिवस आवडले. संध्याकाळी मला जायला घर होतं. चहा दोघींचा. मंदा कुठं जाऊ शकत नव्हती, तिच्याकडं दुसरं कुणी येत नव्हतं — ती सगळी माझी होती.

दुसरं कुणी येत नव्हतं, कारण मी येऊ दिलं नाही. मी क्लासला जातच होते. साहेब पुन्हा माझ्याबरोबर नाचत होते, पुन्हा मोजत होते. दर वेळी विचारायचे, "मंदाताई कशा आहेत? भेटायला येऊ का?" मी सांगितलं, "नको. त्यांना आवडायचं नाही, आजारपणात असं कुणी पाहिलेलं." ते ऐकणारे गृहस्थ. आले नाहीत.

एकदा तेल लावताना मंदानं विचारलं, "क्लासात कुणी माझं नाव काढतं का गं?"

"नाही गं," मी म्हणाले. "सगळे आपापल्या नादात."

ती म्हणाली, "व्हय, लोकांना काय." माझा हात तिच्या केसांतच होता. मी तेल लावत राहिले.

पुढं मुलगा आला. या गुडघ्यानं इथं एकटीनं राहणं जमायचं नाही म्हणाला, आणि ते खरंच होतं. घर विकलं. मंदा गाडीत बसताना रडली. जन्म इथं गेला, नाशिकला तिचं कोण आहे ओळखीचं? मी खिडकीपाशी वाकले होते. तेव्हाही सांगता आलं असतं. मी म्हणाले, "पोचलीस की फोन कर."

साहेब त्याआधीच क्लासला यायचे थांबले होते. नंतर मीही सोडला. समोरच्या तिसऱ्या मजल्यावर आता एक नवरा-बायको राहतात. त्यांचा दिवा लागतो, तेव्हा मी पडदा ओढून घेते.

मंदा रविवारी फोन करते. काठी घेऊन चालते, पायऱ्या उतरता येत नाहीत, खाली बागेत न्यायला सुनेला वेळ नसतो. गेल्या रविवारी तिनं सुनेलाच फोन दिला. "मावशी," ती म्हणाली, "आई रोज तुमचं नाव काढतात. सख्ख्या बहिणीनं केलं नसतं, म्हणतात."

"त्यात काय एवढं," मी म्हणाले.

मग फोन परत मंदाकडं आला. "कुंदा, तू जातेस का गं अजून नाचायला?"

"नाही," मी म्हणाले.

तेवढंच काय ते खरं बोलले.