पात्यावरचं कुंकू

परवा खुर्चीत बसलेल्या एका गिऱ्हाइकानं मोबाईल माझ्या नाकापुढं धरला आणि विचारलं, "वस्तरा स्टेनलेसचा चांगला का कार्बन स्टीलचा?" मोबाईलमध्ये कुणीतरी गालाला फेस फासून तास न् तास तेवढ्यावरच बोलत होतं. मी म्हटलं, मान सरळ ठेवा. त्यानं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, दाढी करायचीय का भाषण ऐकायचंय? त्यानं मोबाईल खिशात घातला. बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. पण हा प्रश्न कानावर पडला की माझं डोकंच फिरतं.

आमचं दुकान उमरग्यात, हायवेला लागून. आबा, म्हणजे माझे वडील, आधी माकणीत घरोघर फिरून दाढ्या करायचे. मी दुकान टाकलं आणि त्यांना इकडं आणलं. त्यांच्याजवळ त्यांच्या वडिलांचा वस्तरा होता, साध्या पोलादाचा. त्यालाच आता लोक कार्बन स्टील म्हणतात. पातं काळपट निळं, दगडावर घासून घासून अर्धं उरलेलं. ओला राहिला की गंजणार, म्हणून आबा दाढी झाली की तो धोतराच्या सोग्याला पुसायचे आणि वरून करडीच्या तेलाचं बोट फिरवायचे. जेवायला उशीर झाला तरी चालेल, वस्तऱ्याचं तेल चुकायचं नाही. मला त्या लाडाची चीड यायची. दुकानात आम्ही वापरून टाकायचं अर्धं ब्लेड लावतो, सगळेच लावतात, आणि हे अजून तेल घेऊन बसलेले.

सात वर्षांपूर्वी मी हैदराबादहून त्यांच्यासाठी स्टेनलेसचा वस्तरा आणला. चांगला भारीतला. आबांनी अंगठ्याच्या नखावर धार बघितली, दगडावर दहा-बारा वेळा ओढला, परत नखावर बघितली.

"दगडाला दाद देत न्हाय ह्यो," ते म्हणाले. "पोलाद कसं, चार हातात धार घेतंय."

"पण धार बसली की टिकते, आबा. आणि गंजत नाही."

"गंजत न्हाय म्हून त्येच्याकडं कुनी बगत बी न्हाय."

वस्तरा डबीत गेला. त्यानंतर सात वर्षं आमचं हे भांडण चालू होतं. गिऱ्हाइकांदेखत, जेवताना, पाहुण्यांसमोर. मी म्हणायचो, जगानं लोखंड सोडलं. ते म्हणायचे, जगाला सांग तुजी दाढी करायला.

त्यातच दोन वर्षांपूर्वी त्यांचा हात कापायला लागला. दुसऱ्याच्या गालाला हात लावायचं त्यांनी आपणहून सोडलं. स्वतःची दाढी मात्र रोज सकाळी त्याच वस्तऱ्यानं. हात हवेत थरथरायचा आणि पातं गालाला टेकलं की थांबायचा. मी रोज बघत होतो, म्हणून खात्रीनं सांगतो. मिसरूड फुटल्यापासून त्या माणसाच्या गालाला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता.

माझी मुलगी वर्षाची झाली. तिचं जावळ दसऱ्यानंतरच्या रविवारी धरलं, तेव्हा आबांनी एकच गोष्ट मागितली.

"पयला हात माजा. माजं जावळ ह्याच वस्तऱ्यानं निघालं, तुजं बी. पोरीचं काडतो आन् मग ठिवून देतो."

बायको घाबरली. मग तिनं दोन-चार सकाळी त्यांना दाढी करताना दारातून पाहिलं आणि हो म्हणाली. आबा महिनाभर आधीपासून चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा ओढत बसायचे. एवढे खुशीत मी त्यांना कितीतरी दिवसांत पाहिले नव्हते.

खंडेनवमीला आमच्यात हत्यारांची पूजा असते. कात्र्या, मशिनी, कंगवे, वस्तरे पाटावर मांडायचे आणि दसऱ्याचं सोनं वाटून येईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. ही पूजा दरवर्षी आबाच करायचे. यंदा त्यांना ताप भरला. मी म्हटलं, तुम्ही पडून राहा, मी करतो. आणि केली की! अशी केली की काय सांगू! आबा पूजेत वस्तरा मिटूनच ठेवायचे आणि कुंकवाचं बोट नुसतं मुठीला लावायचे. मला वाटायचं, ही कसली अर्धीमुर्धी पूजा? मी पातं उघडलं. काळं दिसत होतं, म्हणून देवाच्या तांब्याला घासतात तसं चिंच-मीठ लावून घासलं. पांढरं फटक निघालं. धुतलं, पाटावर ठेवलं आणि ओली हळद, ओलं कुंकू पात्यावर दोन बोटं भरून ओढलं. शेजारी स्टेनलेसचा ठेवला, त्यालाही तसंच. तेल लावायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. उलट बायकोला बोलावून दाखवलं.

दसऱ्याला संध्याकाळी आपट्याची पानं वाटून आलो आणि पाटापुढं बसलो. स्टेनलेसवरचं कुंकू नुसत्या फुंकरीनं उडालं, खाली पातं लखलखीत. आबांच्या वस्तऱ्यावरचं निघेना. नखानं खरवडलं. ते कुंकू नव्हतंच, गंज होता.

सात वर्षं मी जे ओरडून सांगत होतो ते खरं ठरलं होतं. लोखंड गंजतं, स्टेनलेस गंजत नाही. पाटावर शेजारी शेजारी पुरावाच पडला होता. असल्या खरेपणाला आग लागो.

आबा उठून आले. वस्तरा घेऊन दाराच्या उजेडात गेले, धारेवरून नख फिरवलं. नख तीन ठिकाणी अडकलं.

"घासून काढतो मी, आबा. दगड आहे की."

"घासायला ऱ्हायलंय काय त्यात?"

तरी मी दोन दिवस घासला. तीन ठिकाणी धार पुन्हा पुन्हा तुटत होती. स्वतःच्या मनगटावर चालवून पाहिला तर रक्त आलं. वर्षाच्या पोरीच्या टाळूला तो कोण लावणार?

आणि मग मी काय केलं? आबांवरच ओरडलो. एवढी वर्षं पूजा करता, मग पात्याला कुंकू लावायचं नाही हे कधी सांगता आलं नाही का? तोंड होतं ना तुम्हाला? तापातून उठलेल्या माणसावर, माझ्या चुकीसाठी, भर दुकानात. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आबांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"मला बी कुनी सांगितलं न्हवतं," ते म्हणाले. "म्या बगत हुतो."

रविवारी जावळ झालं. पोरगी मामाच्या मांडीवर, केस झेलायला आत्या पदर पसरून बसलेली. मी आबांपुढं स्टेनलेसचा वस्तरा धरला. त्यांनी तो नखावर बघितला आणि परत दिला. "ह्याला धार कुठं हाय? सात वर्सात तू तरी एकदा लावलीस का?" नव्हती लावली. गंजत नाही म्हणून पूजा सोडली तर मी त्याची डबीसुद्धा उघडली नव्हती. शेवटी जावळ मी काढलं, अर्ध्या ब्लेडनं, गिऱ्हाइकाचं काढावं तसं. आबा भिंतीला टेकून बसले होते. मी पोरीच्या डोक्यावरची कातडी बोटांनी ताणली की त्यांचीही बोटं गुडघ्यावर ताणायची. मला ते दिसत होतं आणि मी पाहत नसल्यासारखं करत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर आबा मागोमाग आले. खुर्चीत बसले, टॉवेल स्वतःच गळ्याभोवती घेतला आणि मान मागं टेकली. अर्धं ब्लेड त्यांनी उभ्या जन्मात गालाला लावून घेतलं नव्हतं. स्टेनलेसला मी आदल्या संध्याकाळी चिडून चिडून धार लावली होती, जमेल तशी. दोन्ही त्यांच्यासमोर धरलं आणि विचारलं, "कशानं करू, आबा?"

त्यांनी डोळे उघडलेच नाहीत.

"कशानं बी कर," ते म्हणाले.