लग्नातल्या चादरीचं निशाण

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात दरवर्षी माझी एक ऐतिहासिक कथा वाचली जाते. वाचली जाते म्हणजे मीच वाचते. दिवसभर फ्रँकफर्टमधल्या एका बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका हुडकायच्या आणि घरी येऊन घोड्यांच्या टापा लिहायच्या, हा माझा उद्योग. गड, खिंड, मशाली, सरदाराचं भाषण, हे मला झोपेतसुद्धा जमतं. मागच्या वर्षी मात्र काहीतरी वेगळं लिहायची हुक्की आली, आणि विषय तर आमच्याच तळमजल्यावर राहत होता.

तळमजल्यावरच्या आर्मेनियन आजींना माझी लेक ओमा, म्हणजे जर्मनमधली आजी, म्हणते, म्हणून मीही ओमाच म्हणते. लेबनॉनमध्ये यादवी पेटली तेव्हा त्या नवऱ्याबरोबर इथे आल्या. नवरा गेला, मूलबाळ नाही. माझ्या लेकीला अर्धं त्यांनीच वाढवलं. शाळा सुटली की ही पोर आधी त्यांच्याकडे, मग घरी. पहिल्या महायुद्धात ऑटोमन सरकारने आर्मेनियन लोकांना गावागावांतून हुसकून वाळवंटाकडे मरायला हाकललं, हे मला ढोबळ माहीत होतं. पण समुद्राकाठच्या काही गावांनी तो हुकूम मानलाच नाही, बायकापोरं आणि शेळ्यामेंढ्यांसकट सगळी डोंगरावर चढली आणि सैन्याशी लढली, हे मला ओमांनी सांगितलं. शेवटी एका फ्रेंच युद्धनौकेने त्यांना पाहिलं आणि सोडवलं. ओमांची आजी तेव्हा नवी नवरी होती, आणि ती त्या डोंगरावर होती.

डोंगर, वेढा, मूठभर माणसं! मला आणखी काय हवं होतं? दोन रविवारांत कथा हातावेगळी केली आणि ऐकवायला ओमांकडे गेले. मी मराठीत वाचायचं आणि लेकीने जर्मनमध्ये सांगायचं, असं ठरलं. लेकीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं जर्मनमध्ये, तेही तोंड वाकडं करून. त्या दिवशी मात्र ती मन लावून सांगत होती. माझ्या कथेत एक म्होरक्या होता. त्याला घोडा होता, तलवार होती, आणि तो एका कड्यावर उभा राहून असं भाषण करायचा की अंगावर काटा यावा. गनिमी कावा होता. शेवटी गडावरून व्हावे तसे तोफांचे आवाजसुद्धा मी घालून दिले होते.

ओमा ऐकत होत्या. मधेच त्यांनी लेकीला थांबवलं. "घोडा? त्या कड्याकपारींत घोडा चढेल? आणि तोफ कुणाची? तोफा समोरच्यांकडे होत्या." मग म्हणाल्या, "माझी आजी कुठे आहे?"

मी पान उलटून दाखवलं. होती ना! एका वाक्यात होती. एक नववधू खडकाआड बसून अश्रू ढाळत होती.

ओमा उठल्या आणि आमच्यापुढचे कॉफीचे कप उचलून आत घेऊन गेल्या. कप अजून भरलेले होते. परत येऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "दर एप्रिलला, आमच्या स्मरणदिनाला, मला शाळेत बोलावतात. मी बोलते, मुलं माना खाली घालतात. मग त्यांच्या बाई माझा हात हातात घेऊन म्हणतात, फार वाईट झालं हो. झालंच वाईट. माझ्या आईकडची सगळी माणसं त्या वाळवंटात संपली, त्यांच्यासाठी मी रडते. पण वडिलांची आई लढली. मरायच्या आधी एकदा तरी कुणीतरी म्हणावं, शाब्बास तुझ्या आजीची. तूही तिला रडवलंस. हे असलं वाचणार असशील तर वाचू नकोस."

मला राग आला. खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं लिहितेय, भर सभेत शिट्ट्या घेतल्यात, आणि मला सांगताहेत वाचू नकोस! घरी येऊन नवऱ्यापुढे तणतणले. तो म्हणाला, "घोडा जरा जास्तच झाला गं." म्हटलं, तू गप्प बस. पुढचे आठ-दहा दिवस मी तळमजल्यावर फिरकले नाही.

शेवटी निरोप ओमांकडूनच आला, लेकीबरोबर. त्यांच्या चर्चच्या मागच्या अंगणात शनिवारी हरिसा आहे, हातांची गरज आहे, ये. हरिसा म्हणजे गहू आणि मटण एकत्र शिजवून लापशीसारखं केलेलं. डोंगरावरच्या माणसांची लेकरंबाळं जगात जिथे असतील तिथे सुटकेच्या आठवणीत दर सप्टेंबरला हे रांधतात. मी पोचले तर पंगतीचा असावा असा भला मोठा हंडा चुलीवर, आणि माझ्या हातात वल्ह्याएवढा लाकडी दांडा. दाणा दिसेनासा होईपर्यंत घोटायचं आणि तळाला लागू द्यायचं नाही, बास. थोड्याच वेळात माझे खांदे बोलायला लागले. लगेच कुणीतरी माझ्या हातून दांडा घेतला, त्याच्या हातून दुसऱ्याने. डॉक्टर होते, टॅक्सीवाले होते, एक फादर होते. कुणी कुणाला हुकूम सोडत नव्हतं.

ओमा शेजारी खुर्चीवर बसून, काठीने हंडा दाखवत मला सांगत होत्या.

"डोंगरावर म्होरक्या एक नव्हता. चिठ्ठ्यांवर मतं घेऊन समिती निवडली, आणि मग समिती रोज भांडली. ज्याची त्याची मेंढी सगळ्यांची झाली आणि चूल एक झाली. ही बघ, अशी. माझ्या आजीकडे चुलीचं काम होतं. रांधायचं आणि टोपल्या डोक्यावर घेऊन चरांमध्ये लढणाऱ्यांपर्यंत पोचवायच्या. डोक्यावरून गोळ्या चालू. एकदा टोपलीला गोळी लागली, तर ती काय ओरडली माहितीय? भाकरीला भोक पाडलं मेल्यांनी!"

मी हसायला लागले. ओमाही.

"मग जहाजांना दिसेल असं निशाण करायचं ठरलं. मोठं, पांढरं, मधे लाल क्रूस. समितीवाले आजीकडे आले. तिच्याकडे लग्नातली नवी कोरी चादर होती, स्वतः भरतकाम केलेली. ती म्हणाली, आधी सासूबाईंची घ्या!" ओमांनी डोळे पुसले, हसूनच. "खूप भांडली. आणि मग दिली. शिवायलाही स्वतःच बसली, कारण बाकीच्यांचे टाके तिला पसंत नव्हते. ते निशाण जहाजाने पाहिलं."

मी दांडा परत हातात घेतला. सासूबाईंची घ्या म्हणणारी ती बाई माझ्या ओळखीची होती. माझ्या घरातल्या सगळ्या बायका अशाच, आधी तणतणतील आणि मग शिवायला बसतील. आणि मी तिला खडकाआड रडत बसवलं होतं! घोडा गेला, तलवार गेली, तोफा गेल्या. चूल आली, भांडणं आली, चादर आली. नवी कथा ओमांनी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाल्या, "वाच. मी येते."

कार्यक्रमाला हॉल भरलेला. पुण्याहून आलेले कुणाकुणाचे आईवडील पुढच्या रांगेत, आणि त्यांच्यात ओमा, काळ्या ड्रेसवर मोत्यांची माळ घालून. मी वाचलं. 'आधी सासूबाईंची घ्या'ला हॉल खळखळून हसला. चादर दोरीला बांधून वर चढवली तेव्हा पुढच्या रांगेतले सगळे खुर्च्यांच्या टोकाला सरकले. मी कागद खाली ठेवले आणि मनात म्हटलं, आता वाजवा टाळ्या, तिच्यासाठी वाजवा.

तेवढ्यात आमचे सूत्रसंचालक माइकवर आले. म्हणाले, "मंडळी, त्या सगळ्या दुर्दैवी जिवांसाठी आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहूया."

आणि सगळा हॉल उभा राहिला. माना खाली. आपल्याकडची रीतच ती, कुणाचं काय चुकलं? पण मला वाटलं, धरणी दुभंगावी. एप्रिलमधल्या त्या शाळेसारखंच झालं की हे!

ओमांनी लेकीला काहीतरी विचारलं. लेकीने कानात सांगितलं. ओमांनी काठी उचलली आणि सरळ स्टेजवर आल्या, दोन मिनिटं संपायची वाटही न बघता. माइक घेतला आणि जर्मनमध्ये बोलायला लागल्या. पुढच्या रांगेतल्या आईवडिलांना काही कळेना. मग माझी लेक, जी घरात एक मराठी वाक्य धड बोलत नाही, ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"ओमा म्हणते, खाली बघू नका. वर बघा. तिची आजी डोंगरावर नाही मेली. म्हातारी झाली, मग मेली. घरी, पलंगावर. चहा गार आहे म्हणून सगळ्यांना ओरडली, आणि मग मेली."

कुणीतरी फिसकन हसलं. मग बरेच जण.

"जे वाळवंटात मेले, त्यांच्यासाठी ती रडते. चर्चमध्ये. आज नाही. आज तिच्या आजीचं नाव ऐका."

ओमांनी नाव सांगितलं. संपूर्ण नाव, गावासकट, एकेक अक्षर सुटं करून. मग मागच्या रांगेतून कुणीतरी, कोल्हापूरकडचा असणार, आपल्या सवयीने हात वर करून ते नाव जसं जमेल तसं ओरडला, आणि पुढे, "यांचा विजय असो!"

"विजय असो!" सगळा हॉल गरजला. पुन्हा नाव, पुन्हा विजय असो. पुढच्या रांगेतले म्हातारे काठ्या आपटत होते. मी स्टेजवर ढसाढसा रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

ओमा माइक धरून तशाच उभ्या होत्या. त्यांनी लेकीला विचारलं, काय म्हणताहेत हे लोक?

लेक जर्मनमध्ये म्हणाली, "म्हणतायत, ती जिंकली."

ओमांनी माइक तोंडाजवळ नेला. "गेनाऊ," त्या म्हणाल्या. लेकीने मराठीत सांगितलं, "अगदी बरोबर."