जखमेच्या बाजूचे डॉक्टर

सरकारी दवाखान्यातले हे डॉक्टर साक्षीला आले, की आम्हा कोर्टातल्या टायपिस्टांची करमणूक व्हायची. बाहेरच्या टपरीवाल्याने "साखर बरोबर हाये ना जी?" असं विचारलं, तरी ते घोट तोंडात घोळवून सांगायचे, "जास्त असू शकते." पक्षकारांचा चहा मात्र त्यांनी कधी घेतला नाही.

एका खुनाच्या खटल्यात सरकारी वकिलांनी विचारलं, "डोक्यावरची जखम काठीची असू शकते?"

"असू शकते."

आरोपीच्या वकिलांनी विचारलं, "दगडावर पडूनही होऊ शकते?"

"होऊ शकते."

सरकारी वकील तापले. "डॉक्टर, तुम्ही नेमके कोणाच्या बाजूने?"

"जखमेच्या."

न्यायाधीशांनी हसू रुमालात लपवलं.

आरोपी सुटला. पुढे एकदा डॉक्टर टपरीवर बसले असताना त्याचा म्हातारा बाप त्याला घेऊन आला आणि पेढ्यांचा पुडा पुढे करून पाया पडायला वाकला. डॉक्टरांनी पाय बाकाखाली ओढले.

"तुमच्यामुळं पोट्टा सुटला जी. त्यानं मारलं नाही, हे तुमीच तर सांगतलं."

"असं मी कुठं सांगतलं गा? मले फक्त जखम माहीत हाये. बाकीचं तुमच्या पोट्ट्याले विचारा."

पुडा हातात तसाच धरून म्हातारा वळला. पोरगा सायकलजवळ उभा होता. बाप त्याच्याकडे पाहत राहिला, आणि पोराने सायकलची घंटी पुसायला घेतली.