चिठ्ठीत नसलेली तपासणी
बामचा वास आला की धुळ्याच्या दवाखान्यातली ती तरुण बाई आठवते. मी तिथे लॅबमध्ये होते. तिला एचआयव्ही होता. कपाळभर बाम चोळून ती कण्हत होती, "ताई, मन्हं डोकं फुटी ऱ्हायनं." डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तिच्या पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्याची फक्त टीबीची तपासणी लिहिली होती, मी तेवढीच केली. टीबी निघाला नाही, दुखणं मात्र वाढलं. चौथ्या दिवशी मी त्या पाण्याचा उरलेला थेंब काळ्या शाईत मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर मेंदूला सूज आणणाऱ्या बुरशीचे पांढरे गोल दिसले. लगेच औषध सुरू झालं. ती वाचली, पण नजर गेली. घरी जाताना तिचा हात धरून नवऱ्याने विचारलं, "पहिलेच का नही देखं, ताई?" "चिठ्ठीत नव्हतं," मी म्हणाले. आता रक्ताच्या थेंबावर दहा मिनिटांत बुरशी कळते. चिठ्ठीत नसली तरी मी डॉक्टरांना विचारून ती तपासणी करते. पण शाईची बाटली तर पहिल्या दिवशीही माझ्यासमोरच होती.