दाजींसमोरचा आखाडा

मानवतच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्याच्या खोलीत बसणारा मुंजाजी कुणाच्या अध्यात ना मध्यात. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन बघायचं, पावती फाडायची, गाडी उतरली की पुन्हा खुर्चीत. बोलणं बेताचं. पण नजर मोठी तयार. पंगतीत वाढायला लागला तर पानावर आडवा हात यायच्या आत त्याची पळी थांबायची. समोरच्याच्या हाताकडे बघायची त्याला लहानपणापासून सवयच.

त्या सवयीवरच तो आखाड्यात मोठा झाला. आखाडा म्हणजे मोबाइलवरच्या एका खेळातला. त्या खेळात राक्षस होते, जादूगार होते, बर्फाचे किल्ले होते. बाकीची मंडळी खजिने शोधत त्या मुलखात हिंडायची. मुंजाजी थेट आखाड्यात शिरायचा. तिथं दोघंच. गोल दगडी रिंगण, समोर कुठल्यातरी गावचा कुणीतरी माणूस, आणि दोघांतला एक पडेपर्यंत दार उघडत नाही. मुंजाजीचा गडी सडपातळ, अंगावर चिलखत नाही, हातात दोन कट्यारी. एक घाव नीट बसला की खलास. पण घाव बसू द्यायचाच नाही, ह्यातच त्याची सगळी विद्या होती. समोरच्यानं कुऱ्हाड उचलली की ती खाली यायच्या आत क्षणभर सवड असते. तेवढ्यात अंगठा दाबून बाजूला उडी घ्यायची. लवकर घेतली तर समोरचा सावध होतो, उशिरा घेतली तर मान जाते. मुंजाजीची उडी बरोब्बर पडायची. काट्यावरच्या अबोल माणसाला नांदेड-नाशिककडची पोरं नावानिशी ओळखायला लागली होती.

एवढं सगळं छान चाललेलं असताना त्यानं आपल्या हातानं एक घोळ करून ठेवला. महालक्ष्म्यांच्या सणाला बहिणीकडे जिंतूरला गेला आणि कौतुकानं दाजींच्या मोबाइलवर तो खेळ टाकून दिला.

बहीण रेणुका त्याच्याहून थोरली. तिचे मालक महारुद्र, मंडपाचा धंदा, लग्नसराईत अर्धं जिंतूर त्यांच्या मांडवाखाली जेवतं. माणूस दिलदार, मदतीला धावणारा, पण मानाचा भुकेला. लग्नात कानपिळीच्या वेळी मुंजाजीनं कान जरा जोरात पिळला तर नवरदेव रुसून बसले होते, आणि घोड्याचा लगाम धरणाऱ्यापासून सासऱ्यापर्यंत सगळ्यांनी हात जोडले तेव्हा कुठं वरात हलली होती. हे मुंजाजीला माहीत नव्हतं असं नाही. पण आखाड्याचं दार बंद झालं की त्याला दाजी दिसेचनात. दिसायची ती नुसती कुऱ्हाड. दाजींच्या दुकानात, दाजींच्या दोस्तांसमोर, त्यानं त्यांना लागोपाठ लोळवलं. दाजी हसले. सगळ्यांना चहा पाजला, मेव्हण्याला स्वतः यष्टीत बसवून दिलं.

दिवाळीला रेणुकाला माहेरी धाडलं नाही. सासूचे गुडघे, मंडपाची कामं, कारणं सगळी खरीच होती. आणायला गेलेला मुंजाजी रिकामा परत आला. आई कडूबाईला काय झालं ते न सांगता कळलं. मुलीच्या आयांना कळतंच. अनारशाचा डबा पुन्हा फळीवर ठेवत ती एवढंच म्हणाली, "जावई हाय, बाबा. तू हारल्यानं काय आपलं घर खाली बसंल?"

मुंजाजी पुढच्याच डावाला हारला. दाजींचा आनंद गगनात मावेना. त्यांनी सासऱ्यांना, आश्रुबांना, फोन करून मेव्हण्याची कशी जिरवली ते सांगितलं, आणि आठवडा उलटायच्या आत रेणुका दोन पिशव्या घेऊन दारात उभी राहिली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी दाजींचा चहा झाला की मोबाइलवर निरोप यायचा, या मेव्हणे. आणि मुंजाजी आखाड्यात जायचा. नुसतं हारणं सोपं असतं, पण दाजी भोळे नव्हते. ढळढळीत हारला असता तर तोही अपमानच. म्हणून मुंजाजी झुंज द्यायचा, दाजींना घाम फोडायचा, आणि शेवटी कुऱ्हाड उचलली गेली की उडी जराशी, अगदी जराशी उशिरा घ्यायचा. पोळी तव्यावर मुद्दाम थोडी जास्त राहू द्यावी तशी. तो गडी रिंगणात पडला की दुसऱ्या दिवशी रेणुकाचा फोन मोकळ्या आवाजात यायचा.

उन्हाळा लागला, जिनिंगचा हंगाम उलगला, काटा बंद पडला, तेव्हा नांदेडच्या भक्तीचा फोन आला. ती एका संघाची कप्तान होती, मुंजाजीचे डाव ती बरेच दिवस बघत होती. त्यांना आखाड्यासाठी एक माणूस पाहिजे होता. पुण्यात मोठ्या मंचावर स्पर्धा होती, संघात आला तर तिकडंच राहायचं, तेच काम करायचं. फक्त बाकीच्यांची खात्री पटावी म्हणून परभणी जिल्ह्याचा जो छोटा कप निघाला होता तो मारून यायचा. एक लढत हारली की बाहेर. मुंजाजीला आजवर बस म्हणणारे खूप भेटले होते, ये म्हणणारी ही पहिलीच. त्यानं नाव टाकलं. दाजींनीही टाकलं. पहिल्या फेरीतून दोघंही पुढं गेले आणि दुसऱ्या फेरीच्या जोड्या लागल्या तेव्हा मुंजाजीच्या नावासमोर दाजींचं नाव होतं.

लढतीचा दिवस धोंड्याच्या महिन्यातला, नेमका लेक-जावयाला धोंडे खायला बोलावलेल्या दिवशीचा. दार-खिडक्या लावून घेतलेल्या, कूलर घरघरतोय, पुरणाचा वास घरभर. दाजींना ओवाळलं, कपडे केले, चांदीचं निरांजन दिलं. दुपारच्या जेवणाआधी लढत उरकून घेऊ म्हणून दाजी दिवाणावर लोडाला टेकले. मुंजाजी खाली सतरंजीवर बसला. त्याला कुणी खाली बस म्हणालं नव्हतं. जावयाच्या बरोबरीनं बसायची त्या घराला सवय नव्हती, एवढंच.

पाणी आणायला तो आत गेला तेव्हा धोंडे तळणाऱ्या रेणुकानं झारा बाजूला ठेवला.

"मुंजा, आज हारायचं न्हाई."

"कशाचं काय, अक्का?"

"मला येडी समजतूस का? दिवाळीपासून बगायले मी. तू हारलास की आमचं माणूस दोन घास जास्त खातंय अन् माझ्याशी गोड बोलतंय. तुझ्या हारण्यावर माझा संसार चालायलाय. लाज वाटायली मला त्याची."

"अन् पुन्हा धाडलं न्हाई मंग?"

"मी काय पारसल हाय का धाडायला? माझी मी यष्टीनं येईन. तू खेळ."

कडूबाई पिठाचे हात तसेच धरून म्हणाली, "पोरी, सणाच्या दिवशी नसतं काढू नकोस." रेणुकानं आईकडे पाहिलंदेखील नाही.

बाहेर येताना मुंजाजीला इतकं हलकं वाटत होतं, की आपण इतके दिवस काहीतरी उचलून चालत होतो हे त्याला तेव्हा समजलं. आखाड्याचं दार बंद झालं. तीन डाव होते, दोन घेणारा पुढं जाणार. पहिल्या डावात त्यानं दाजींना कुऱ्हाड उचलायची उसंतच दिली नाही. चहूबाजूंनी कट्यारी चालवल्या आणि दाजींचा चिलखतातला जवान पोतं पडावं तसा आडवा झाला. आश्रुबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. दाजींनी लोड मागं सारला आणि सरळ होऊन बसले.

दुसऱ्या डावात दाजींनी अंतर राखलं. वाट पाहिली. मग कुऱ्हाड वर गेली. मुंजाजीनं ती पाहिली, ती कुठं पडणार तेही पाहिलं, मनात म्हणाला, आता. अंगठा थबकला. जराच. उडी पडली तेव्हा मान गेली होती.

त्यानं तळहात पॅन्टला पुसले. तिसऱ्या डावात ठरवून लवकर उडी घेतली, तर दाजी सावध झाले, थांबले. महिनोन् महिने संध्याकाळी दाजींनी एकच माणूस अभ्यासला होता, आणि तो माणूस कुठं डळमळतो हे त्यांना पाठ होतं. ते एक पाऊल मागं सरले, कुऱ्हाड सावकाश उचलली. मुंजाजीनं अंगठ्याला मनातल्या मनात शिवी घातली, विनवणी केली. अंगठ्याला इतके दिवस जे शिकवलं होतं तेच त्यानं केलं. सडपातळ गडी रिंगणात पडला आणि दार उघडलं.

दाजी दिवाणावरून उतरले, मुंजाजीला उठवून मिठी मारली. "पहिल्या डावाला आमचा जीव घेतला होता राव, मेव्हणे," ते म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

मुंजाजी मागच्या मोरीवर तोंड धुवायला गेला. मागोमाग रेणुका आली. तिनं दारातून फक्त शेवटचं पडणं पाहिलं होतं.

"सांगितलं व्हतं ना तुला. माझ्यापायी कामून हारलास?"

"अक्का, खरंच हारलो."

"माझ्या डोक्यावर हात ठिवून सांग."

त्यानं ओला हात तिच्या डोक्यावर ठेवला. तिनं तो झटकून टाकला. "खोटी शपथ घेऊ नकोस माझी," असं म्हणून ती डोळे पुसत आत गेली. मुंजाजी तिथंच उभा राहिला. खरं तर सांगून झालं होतं.

पंगत रंगली. धोंड्यावर तूप ओतून घेताना दाजींनी सासूला सांगून टाकलं की रेणुकाला आता महिनाभर राहू द्या, तिकडचं मी बघतो. कडूबाईचा चेहरा उजळला. तिनं मुलाच्या पानात न मागता आणखी एक धोंडा वाढला. रेणुका खाली मान घालून वाढत राहिली. महिनाभराचं माहेर कशाच्या बदल्यात मिळालं ते आपल्याला कळलंय, असं तिला वाटत होतं. ह्याच्याहून वाईट मुंजाजीला काही दिसत नव्हतं.

जेवणं झाली. पुढच्या फेरीत दाजींसमोर पाथरीचा एक खेळाडू होता, तोही दोन कट्यारींचा. दाजींनी पानाचा विडा गालात सरकवला आणि मोबाइल हातात घेतला.

"तुमच्यासारखाच हाय म्हणे तो," ते म्हणाले. "जरा हात साफ करून घेऊ. मी दोन दिवस हाय इथं. नंतर तिकडून खेळू रोज. काय?"

मुंजाजीनं मोबाइल उघडला. वर भक्तीचा निरोप लोंबत होता, काय झालं एवढाच. त्यानं बोटानं तो बाजूला सारला.

"बरं दाजी," तो म्हणाला आणि सतरंजीवर जाऊन बसला.