मी म्हणेन तेव्हा

धुळ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षी आमचं वेळापत्रकच गेलं. प्रत्येकाने एक प्रकल्प घ्यायचा, आपापल्या गतीने शिकायचं आणि तयारी झाली की सरांना सांगायचं. मगच परीक्षा. मी विहिरीवरच्या मोटारीसाठी मोबाइलवर चालणारा स्टार्टर घेतला. तो टेबलावर नीट चालायचा, तरी "सर, मी तयार आहे" म्हणायला तोंड उघडेना. सरांनी ओरडावं, तारीख तरी द्यावी! ते आपले हसून म्हणायचे, "सावकाश." तो शब्द ऐकला की स्टार्टर पुन्हा पहिल्यापासून तपासणं सुरू.

एकदा पिंपळनेरहून आईचा फोन आला. "परीक्षा कवय शे?"

"मी म्हणेन तेव्हा."

ती घाबरत म्हणाली, "आन् तू म्हनशीच नही तं?"